आठ सेकंदांसाठी २५ लाख माणसं

ह्यूस्टन शहरात साधारण २३ लाख माणसं राहतात. याच शहरात दरवर्षी मार्चमध्ये वीस दिवस जो रोडिओ भरतो, त्याची हजेरी २५ लाखांच्या घरात जाते. पुन्हापुन्हा येणारे आणि परगावाहून येणारे यात आले हे खरं, तरी आकडा डोळे विस्फारायला लावणाराच. आणि हा सगळा डोलारा ज्या खेळावर उभा आहे तो खेळ, सगळं नीट पार पडलं तर, आठ सेकंदांत संपतो. नीट पार पडलं नाही तर दोन-तीन सेकंदांतच.

अमेरिकेला किंवा कॅनडाला गेलेल्या पर्यटकाला रोडिओचं तिकीट काढणं सोपं असतं. समोर काय चाललंय ते उमगणं अवघड. निवेदक अखंड बोलत असतो. फाटक धाडकन उघडतं, माती उडते, माणूस आपटतो, लोक टाळ्या वाजवतात. आपण शेजाऱ्याला काही विचारेपर्यंत पुढचा गडी फाटकात चढून बसलेला असतो. अशा वेळी आकडे कामाला येतात. रोडिओत भोवतालचं सगळं अवाढव्य आणि मधला खेळ चिमूटभर असतो. त्या चिमटीत काय काय दडलंय हे कळलं, तर तिकिटाचे पैसे वसूल होतात.

८ सेकंद

रोडिओचा शेवटचा आणि सगळ्यांत गाजणारा प्रकार म्हणजे वळूवरची स्वारी. वळूचं वजन ७०० ते ९०० किलो, स्वाराचं सत्तरच्या आसपास. वळूच्या खांद्यामागून छातीभोवती एक चपटा, विणलेला दोर आवळतात. त्या दोराच्या मुठीत स्वार एक हात घालतो, दोराचा मोकळा भाग तळव्यावरून घेतो आणि मूठ घट्ट करतो. खोगीर नाही, रिकीब नाही, लगाम नाही. दोराला खाली एक जड घंटा असते. स्वाराची पकड सुटली की तिच्या वजनाने दोर वळूच्या अंगावरून आपोआप गळून पडतो.

दुसरा हात हवेत. तो वळूला किंवा स्वतःच्या अंगाला नुसता लागला, तरी आठ सेकंद काढूनही गुण शून्य. म्हणजे पकडायला एक हात, तोल सांभाळायला एक हात, आणि दोघांची अदलाबदल करायची नाही.

वळूच्या पोटाच्या मागच्या भागाला, कमरेजवळ, एक पट्टा बांधतात. हा पट्टा वळूच्या नाजूक जागी आवळतात असा समज जगभर आहे, तो चुकीचा. पट्टा झटकून टाकायला जनावर मागचे पाय उंच झाडतं आणि त्या दुगाण्या हाच खेळाचा कच्चा माल असतो. वळू उधळतो तो मात्र मुख्यतः रक्तातच असल्यामुळे. उधळणाऱ्या वळूंच्या वंशावळी डीएनए तपासून नोंदवल्या जातात आणि नामांकित वळूंच्या वीर्याला बाजारभाव असतो.

घोड्यावरच्या स्वारीचे दोन प्रकार असतात: खोगीर घालून आणि बिनखोगिराची. तिथेही घड्याळ आठ सेकंदांचंच आणि हातही एकच. त्यात आणखी एक जाचक अट आहे. घोडा फाटकाबाहेर पहिली उडी घेऊन पुढचे पाय जमिनीला टेकवेपर्यंत स्वाराच्या टाचा घोड्याच्या खांद्यांच्या वर असायला हव्यात. नसल्या, तर पुढची स्वारी कितीही देखणी झाली तरी ती धरत नाहीत. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, ‘अरे, हा तर शेवटपर्यंत टिकला, मग गुण का नाहीत?’ त्याचं उत्तर बहुधा पहिल्या उडीतच असतं.

१०० गुण

गुणफलकावरचा आकडा शंभरपैकी असतो आणि तो दोघांत वाटलेला असतो. दोन पंच असतात. प्रत्येकजण स्वाराला २५ पैकी आणि जनावराला २५ पैकी गुण देतो. चारही आकड्यांची बेरीज शंभर. निम्मे गुण जनावराचे! जगातल्या फार थोड्या खेळांत प्रतिस्पर्ध्याला दिलेले गुण आपल्या खात्यात जमा होतात.

यातून एक विलक्षण गणित तयार होतं. कोणाच्या वाट्याला कोणतं जनावर येणार हे सोडतीने ठरतं, आणि प्रत्येक स्वाराची इच्छा असते की आपल्याला दांडगं, खुनशी जनावर मिळावं. गरीब वळू मिळाला तर जीव वाचेल, पण बक्षीस जाईल. जनावराने कामचुकारपणा केला तर पंच स्वाराला दुसऱ्या जनावरावर बसायची संधी देऊ शकतात. गुण पदरात पाडून घ्यायचे की पुन्हा जीव धोक्यात घालायचा, हे तिथल्या तिथे ठरवायचं.

ऐंशीच्या वर गुण म्हणजे उत्तम, नव्वदीच्या वर म्हणजे प्रेक्षक उभे राहणार. शंभरपैकी शंभर? व्यावसायिक रोडिओच्या इतिहासात वळूवरच्या स्वारीत ते एकदाच घडलं: १९९१ मध्ये, ओरेगन राज्यातल्या सेंट्रल पॉइंट गावात, वेड लेस्ली नावाच्या स्वाराला ‘वुल्फमन स्कोल’ या वळूवर. त्या शंभरातले पन्नास वळूचे होते, म्हणून दोघांचीही नावं एका दमात घेतली जातात.

३०९ विरुद्ध ०

‘टॉर्नेडो’ नावाच्या वळूने १९६० च्या दशकात ओळीने २२० स्वार पाडले. १९६७ च्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत त्याच्यावर आठ सेकंद टिकला तो फ्रेकल्स ब्राउन. वय ४६. या खेळात तिशी ओलांडलेल्याला ज्येष्ठ म्हणतात.

त्यानंतर ‘रेड रॉक’ आला. १९८४ ते १९८७ या काळात त्याच्यावर ३०९ वेळा स्वार बसले आणि ३०९ वेळा पडले. आता हिशोब मांडून पाहा. प्रत्येक वेळी तो पुरते आठ सेकंद उधळला असं मानलं, तरी त्याची सगळी कारकीर्द २,४७२ सेकंदांची, म्हणजे सव्वाएकेचाळीस मिनिटांची भरते. प्रत्यक्षात तो स्वाराला त्याआधीच फेकत असल्याने ती अर्ध्या तासाच्याही आत असणार. एवढ्या कामावर हा वळू अमेरिकेत दंतकथा झाला.

१९८८ मध्ये निवृत्त रेड रॉकला १९८७ चा विश्वविजेता लेन फ्रॉस्ट याच्यासमोर सात लढतींसाठी आणलं. फ्रॉस्टने चार जिंकल्या, वळूने तीन. वर्षभराने, ३० जुलै १९८९ रोजी, वायोमिंगमधल्या शायेनच्या रोडिओत फ्रॉस्टने दुसऱ्याच एका वळूवर आठ सेकंद पूर्ण केले, खाली उतरला आणि वळूने मागून धडक दिली. बरगड्या मोडून तो २५ व्या वर्षी गेला. घड्याळ थांबल्यावर गुण मोजायचे थांबतात. वळूला घड्याळ कळत नाही. त्या मृत्यूनंतर त्याचा मित्र कोडी लॅम्बर्ट याने संरक्षक जाकीट तयार केलं आणि ते या खेळाचा गणवेशच झालं. फाटकासमोर ढगळ कपड्यांत धावणारी जी माणसं दिसतात ती विदूषक वाटली तरी त्यांचं काम करमणुकीचं नसतं. पडलेला स्वार उठून कुंपणावर चढेपर्यंत वळूचं लक्ष स्वतःवर ओढून घेणं, ही त्यांची नोकरी.

११ मिनिटं

रोडिओचा एक प्रयोग दोन-अडीच तास चालतो. त्यात प्रत्यक्ष खेळ किती? ढोबळ हिशोब करू. प्रत्येक प्रकारात दहा स्पर्धक धरा. स्वारीचे तीन प्रकार, प्रत्येकी जास्तीत जास्त ८० सेकंद: चार मिनिटं झाली. उरले घड्याळाशी शर्यत लावणारे प्रकार.

पहिला, धावत्या घोड्यावरून झेप घेऊन शिंगाळ्या गोऱ्ह्याला शिंगांनी धरून आडवं पाडणं. चांगल्या गड्याला चार-पाच सेकंद पुरतात. हा प्रकार रूढ केला बिल पिकेट या कृष्णवर्णीय काउबॉयने. तो जनावराचा ओठ दातांत धरून त्याला लोळवायचा. हॉलिवुडने काउबॉय गोरा रंगवला, पण इतिहासकारांच्या अंदाजाने जुन्या काळी चौघांतला एक काउबॉय कृष्णवर्णीय होता. दुसरा, वासराच्या गळ्यात फास टाकणं, घोड्यावरून उडी मारून वासराला आडवं करणं आणि तीन पाय बांधणं: दहाएक सेकंद. बांधून झाल्यावर स्वार पुन्हा घोड्यावर बसतो, दोर सैल सोडतो, आणि वासरू सहा सेकंद तसंच बांधलेलं राहिलं तरच वेळ धरतात. तिसरा, दोघांनी मिळून गोऱ्हा धरणं, एकाने शिंगांकडून, दुसऱ्याने मागच्या पायांत फास टाकून. दोन्ही पाय सापडायला हवेत. एकच सापडला तर पाच सेकंदांचा दंड. यातला विक्रम साडेतीन सेकंदांच्याही आतला आहे. चौथा, नुसता फास टाकून वासरू धरण्याचा स्त्रियांचा प्रकार: दोन-तीन सेकंद. पाचवा, तीन पिंपांभोवती घोडा वळवत धावायची स्त्रियांची शर्यत: मैदानाच्या आकारानुसार सतरा सेकंदांच्या आसपास. पिंप पडलं की पाच सेकंदांचा दंड. विजेता शतांश सेकंदांनी ठरतो, तिथे पाच सेकंद म्हणजे जन्मठेपच.

सगळी बेरीज केली तर फार तर अकरा मिनिटं निघतात. बाकीचे दोन तास झेंडे, प्रार्थना, राष्ट्रगीत, फाटकातली तयारी, निवेदकाचे विनोद आणि वाट पाहणं.

फास टाकण्याच्या प्रकारांत घोड्यासमोर आडवा धागा ताणलेला असतो, तो जरूर पाहा. जनावराला आधी ठरावीक अंतर पुढे जाऊ देतात. ते तिथे पोचलं की धागा सुटतो. स्वाराने घाईने तो आधीच तोडला तर दहा सेकंदांचा दंड. सात सेकंदांच्या खेळात दहा सेकंदांचा दंड! म्हणून या प्रकारात अर्धी लढाई घोडा हलण्याआधीच होते.

१ डॉलर, १ गुण

व्यावसायिक रोडिओतल्या स्पर्धकाला पगार नसतो. तो प्रवेश फी भरून उतरतो, डिझेल आणि घोड्याचा चारा स्वतःच्या खिशातून घालतो, आणि हरला तर रिकाम्या हाताने रात्रभर गाडी हाकत पुढच्या गावी जातो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकाभर इतके रोडिओ भरतात की त्या आठवड्याला ‘काउबॉयांचा नाताळ’ म्हणतात.

वर्षभराची क्रमवारी डॉलरमध्येच लागते: एक डॉलर कमावला की एक गुण. प्रत्येक प्रकारातले पहिले पंधरा जण डिसेंबरमध्ये लास व्हेगासच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेला जातात. तिथे दहा रात्री दहा फेऱ्या. म्हणजे स्वाराने सगळ्याच्या सगळ्या फेऱ्या पार केल्या तरी त्याचं तिथलं एकूण काम ८० सेकंदांचं. २०२३ मध्ये एका फेरीच्या पहिल्या क्रमांकाला ३० हजार डॉलरहून अधिक रक्कम होती. सेकंदाला पावणेचार हजार डॉलर. आणि सातव्या सेकंदाला पडलात तर शून्य.

हे पैसे आपोआप आले नाहीत. १९३६ मध्ये बोस्टनला ६१ काउबॉयांनी कमी बक्षिसांविरुद्ध संप केला आणि कासवाचं नाव लावून संघटना काढली: हळू चाललो, पण शेवटी मान बाहेर काढली, असा अर्थ. आजची व्यावसायिक संघटना तिचीच वारस आहे. १९९२ मध्ये २० वळूस्वारांनी प्रत्येकी हजार डॉलर काढून फक्त वळूस्वारीची वेगळी संस्था उभारली. आज ती न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दरवर्षी खेळ लावते. त्या वास्तूचं क्रीडांगण पाचव्या मजल्यावर आहे. तिथे सुमारे ७५० टन माती ट्रकांतून चढवतात, खेळ संपला की खाली उतरवतात, आणि वळूही चढणीच्या वाटेनेच वर चालत जातात.

२२ हजार एकर, ३५ हजार स्वयंसेवक

पहिला रोडिओ कुणाचा यावर टेक्सासमधलं पेकोस (१८८३) आणि ॲरिझोनामधलं प्रेस्कॉट (१८८८) अजून भांडतात. वायोमिंगचं शायेन १८९७ पासून ‘सगळ्यांचा बाप’ म्हणून मिरवतं. ६५ हजार वस्तीच्या त्या गावात जुलैअखेरीस दहा दिवस माणसांचा पूर लोटतो.

कॅनडातला कॅल्गरी स्टँपीड १९१२ मध्ये सुरू झाला. शहराची लोकसंख्या तेरा लाखांच्या पुढे, आणि दहा दिवसांची हजेरी चौदा लाखांच्याही वर गेलेली. सकाळी शहरभर फुकट पॅनकेकचा नाश्ता मिळतो. उधळणारे घोडे पैदा करण्यासाठी स्टँपीडचं स्वतःचं कुरण आहे, तब्बल २२ हजार एकरांचं.

ह्यूस्टनचा आकडा वेगळाच आहे: ३५ हजारांहून अधिक स्वयंसेवक, आणि तेही बिनपगारी. तिथे पाच-सहा वर्षांची, २५ किलोंच्या आतली मुलं मेंढीला मिठी मारून स्वारी करतात, आणि रोडिओ आटोपला की रोज रात्री त्याच मैदानात नामवंत गायक गातात. २०१९ मध्ये जॉर्ज स्ट्रेटला ऐकायला ८०,१०८ लोक आले. त्या कार्यक्रमात रोडिओ नव्हताच, नुसतं गाणं होतं. ब्राझीलच्या बारेतोस गावात १९५६ पासून भरणाऱ्या जत्रेसाठी तर जगप्रसिद्ध वास्तुरचनाकार ऑस्कर निमायर यांनी ३५ हजार बैठकांचं मैदान रेखलं.

यलोस्टोन पाहायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र एवढा खटाटोप करायची गरज नाही. उद्यानाच्या पूर्वेकडे कोडी नावाचं गाव आहे. तिथे जून ते ऑगस्ट रोज रात्री रोडिओ असतो. डॅलसला नातेवाइकांकडे उतरलेल्यांसाठी फोर्ट वर्थचं १९०८ सालचं ‘काउटाउन कोलिझियम’ आहे. पहिल्यांदा पाहायला अशी लहान मैदानंच बरी. माणूस आणि जनावर दोघांचाही श्वास ऐकू येतो.

२६६ वळू

जनावरांचा हिशोब टाळून हा विषय पुरा होत नाही. ब्रिटनने १९३४ मध्येच कायदा करून दोर टाकून घोडा किंवा वळू पाडणं आणि पट्टा आवळून त्यांना उधळवणं बंद केलं. कॅल्गरीत २०१९ च्या चारचाकी घोडागाड्यांच्या शर्यतींत सहा घोडे मेले. व्यावसायिक संघटनेने जनावरांसाठी साठहून अधिक नियम केले आहेत आणि पशुवैद्य हजर असणं सक्तीचं आहे. तरी भर वेगात धावणाऱ्या वासराला गळ्यातला फास कचकन थांबवतो, तो क्षण बघणं अनेकांना जड जातं. हा वाद आपल्याला परका नाही. बैलगाडा शर्यतींवरची बंदी, ती उठवणं आणि १८ मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महाराष्ट्राने पाहिला आहे. वळूची झुंज आठ सेकंदांची असते आणि स्वार सहसा तोच पाडतो. वासराच्या वाट्याला जिंकणं नाही. माझ्या दृष्टीने फरक तिथे आहे.

आणि या वळूंशी आपला धागा त्याहून जुना आहे. रोडिओतल्या अनेक वळूंच्या पाठीवर वशिंड दिसतं. युरोपीय गुरांना ते नसतं. ते भारतातून गेलं. १८५४ ते १९२६ या काळात अमेरिकेत भारतीय वंशाचे सुमारे २६६ वळू आणि अवघ्या २२ गाई उतरल्या, काही थेट भारतातून तर काही ब्राझीलमार्गे. त्यांतून ‘अमेरिकन ब्राह्मण’ ही जात घडली. तिच्यात गीर, कांकरेज, ओंगोल यांच्याबरोबर कृष्णा व्हॅली गोवंशाचंही रक्त आहे, म्हणजे सांगली-मिरजेच्या संस्थानिकांनी कृष्णाकाठच्या चिकट काळ्या रानात नांगर ओढण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जोपासलेला गोवंश. तीनशेही न भरणाऱ्या जनावरांनी एका खंडाच्या गुरांची घडण बदलली.

५० गुणांसाठी कुठे पाहावं

बसायला जागा फाटकांच्या बाजूची घ्या. संध्याकाळच्या प्रयोगात न मावलेल्या स्पर्धकांच्या फेऱ्या मोठ्या रोडिओत सकाळी होतात; त्या बहुधा स्वस्त, कधी फुकट असतात आणि तिथे निवेदकाची बडबड नसते.

मग वळूस्वारी सुरू झाली की स्वाराकडे पाहू नका. माणसाचं पडणं लगेच कळतं, त्यासाठी जाणकार लागत नाही. वळू किती उंच दुगाणी झाडतो, गरगर फिरताना दिशा अचानक बदलतो का, उडी घेताना पुढचा भाग किती खाली आणतो, हे पाहा. पंच त्याच गोष्टींचे पन्नास गुण मोजतात. तीन-चार वळू असे पाहिले की गुणफलकावर आकडा यायच्या आत तुम्हाला तो अंदाजाने सांगता येईल, आणि शेजारच्या टोपीवाल्या माणसाशी हुज्जतही घालता येईल. रोडिओ कळला याची दुसरी खूण नाही.